डिकीतलं खोकं

२ मार्च
माझा कायदा पास! चिठ्ठीशिवाय नशेचं औषध सापडलं, एक बाटली का असेना, थेट कोठडी. महिनाभर जामीन नाही. दुसरं कलम तर खास माझ्या डोक्यातलं: पोलिसांनी कुठल्याही पुढाऱ्याचा फोन घ्यायचा नाही. घेतला तर सस्पेंड. विरोधी बाकावरच्या डॉक्टरबाई म्हणत होत्या, व्यसनी माणूस आजारी असतो, त्याला तुरुंग नको, उपचार द्या. मी असा ओरडलो की बाई खालीच बसल्या. घसा मात्र पार बसला. आता खोकल्याचं औषध घेतो. फार गुणकारी. घेतलं की सगळ्या जगाबद्दल प्रेम वाटायला लागतं. डॉक्टरबाईंबद्दलसुद्धा.

५ मार्च
मेडिकलवाला आगाऊ निघाला. या औषधाला चिठ्ठी लागते म्हणे. मी कोण आहे ते सांगितलं. म्हणाला, म्हणूनच, साहेब.
मग ड्रायव्हरला पाठवलं. मुलीला शाळेत तोच सोडायचा. ती मामा म्हणायची, म्हणून अख्खं घर त्याला मामा म्हणतं. मामाने कुठूनतरी खोकंच आणलं. कुठून, ते विचारलं नाही. माणसावर विश्वास टाकला की खोदून विचारू नये. बायको म्हणाली, खोकला कधीच गेला, आता कशाला पिताय? खबरदारी हा प्रकारच तिला कळत नाही.

९ मार्च
नाकाबंदी मोहिमेचं उद्घाटन. पुलाजवळ बॅरिकेड, कॅमेरे, नवं पोस्टर. पोस्टरवरचा फोटो मी स्वतः निवडलेला. ऐन वेळी एक झकास कल्पना सुचली: पहिली गाडी माझीच तपासा! टाळ्याच टाळ्या. मामा कानाशी येऊन काहीतरी सांगू बघत होता, त्याला हातानेच गप्प केलं. इन्स्पेक्टरने डिकी उघडली.
खोकं.
इन्स्पेक्टरने विचारलं, कोणाचं? मामाने माझ्याकडे पाहिलं. मी कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग मामा म्हणाला, माझं.
काय दिलदार माणूस! त्याच भरात बोलून गेलो की कायदा म्हणजे कायदा, घरच्या माणसालाही सूट नाही. जीपमध्ये चढताना मामाने गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. मला गाडी येते कुठे? टॅक्सीने घरी आलो.

१० मार्च
सगळीकडे मीच! 'स्वतःच्या ड्रायव्हरलाही सोडलं नाही.' पक्षाध्यक्षांनी फोन करून मंत्रिपदाचं सूचित केलं. बायकोने अबोला धरलाय. एवढंच म्हणाली, मामाच्या बायकोचं सोमवारी ऑपरेशन आहे, तिला कोण नेणार?
उगाच डोक्याला ताप. उद्या मामाला सोडवतो. एक फोन केला की काम झालं.

११ मार्च
फोन केला. इन्स्पेक्टरने नाव ऐकून ठेवून दिला. पुन्हा केला. मग आवाज बदलून केला. काय उद्धट खातं आहे!
मुलीचा फोन आला. मामाला आत टाकून तुम्हाला झोप कशी लागते बाबा, म्हणाली आणि ठेवलाच. झोप लागतेय कुठे! खोकं जप्त. हातपाय ठणकतायत, घाम फुटतोय, नाक गळतंय. बहुतेक फ्लू.

१३ मार्च
डॉक्टरबाईंना कॅन्टीनमध्ये गाठलं. म्हटलं, तुमच्या मुद्द्याचा मी सखोल अभ्यास केला. तुरुंग नको, उपचारच हवेत. दुरुस्ती आणा, माझा पाठिंबा. बाई माझ्या हातातल्या थरथरत्या कपाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, आता पुढच्या अधिवेशनात, तीन महिन्यांनी. तोवर एकदा माझ्या दवाखान्यात या. फ्लूसाठी कोण कशाला जातंय?
ते जाऊ दे. ठरलं. उद्या सकाळी उठून चौकी गाठायची आणि खरं काय ते सांगून टाकायचं.

१४ मार्च
निघालोच होतो. बूटसुद्धा घातले. तेवढ्यात निरोप आला: सोमवारी शपथविधी. म्हणजे माझं नक्की! आता दोन दिवसांसाठी कशाला घाई? शपथ झाली की तडक चौकीत. मंत्र्याच्या शब्दाला वजन असतं, मामाचाच फायदा. समजूतदार आहे तो.

१५ मार्च
नवा सूट आला. खांद्यात बसतो छान. बायको पलंगाखाली वाकून काहीतरी ओढत होती. दुपारी मोठी पिशवी घेऊन बाहेर पडली. पिशवी खणखणत होती. भंगारवाल्याकडे चालली असेल. चला, घर तरी आवरलं.

१६ मार्च. पोलीस चौकी
भंगारवाल्याकडे नव्हती गेली. माझ्या सगळ्या रिकाम्या बाटल्या इथे टेबलावर रांगेने उभ्या आहेत. शेजारी तिच्या जबाबाचा कागद. सकाळी टाय बांधत होतो तेव्हा इन्स्पेक्टर दारात.
मामा सुटला. त्याच्या बायकोला हॉस्पिटलात पोचवून मला भेटायला आला. त्याला म्हटलं, आज मी येणारच होतो. हो साहेब, म्हणाला. गरम पाण्याचा थर्मास माझ्या बाजूला ठेवला. उद्यापासून गाडीवर येणार नाही, म्हणाला आणि गेला. मला रडू आलं. फ्लूमध्ये येतं तसं.
इन्स्पेक्टरला म्हटलं, एकच फोन करू द्या, पक्षाध्यक्षांना. त्याने भिंतीवरच्या पोस्टरकडे बोट दाखवलं. 'फोन नको, कायदा हवा!' खाली मी, हात जोडून.
फोटो बाकी छान आलाय.