संशोधनात व्यत्यय नको

४ मार्च, सकाळ
आजपासून मी संशोधनात. बाबांचा कंपवात बरा करायचाच, असं पक्कं ठरवलं. शरीरातल्या प्रोटीनची घडी बिघडली की असले आजार होतात म्हणे. ती घडी कशी पडते याचं गणित इतकं अफाट, की लॅबवाले त्याचे तुकडे करून जगभरच्या लोकांच्या घरच्या कॉम्प्युटरवर पाठवतात. सॉफ्टवेअर टाकलं. पहिला तुकडा आला. मुदत महिनाअखेर. आपण आठवड्यात उडवू.

४ मार्च, संध्याकाळ
बाबांनी विचारलं, बागेपर्यंत येतोस का, हात धरायला कुणी असलं की बरं पडतं. त्यांना समजावलं की तुमच्याच आजारावर काम चाललंय. बरं म्हणाले आणि खिडकीशी जाऊन बसले.

७ मार्च
प्रगती: एक टक्का. ऑफिसातून आल्यापासून समोर ठाण मांडून होतो. सारखा माउस हलवावा लागतो, नाहीतर स्क्रीन काळी पडते. ऑफिसला जाताना आणि रात्री झोपताना मात्र बंद करतो. माझ्यामागे काही बिघडलं म्हणजे?

१२ मार्च
दोन टक्के! पण आकडा वाढला नेमका मी अंघोळीला गेल्यावर. ऐतिहासिक क्षण हुकला. यापुढे अंघोळ आटोपती घ्यायची.

१६ मार्च
ताईचा फोन. डॉक्टरांनी बाबांना रोज चालायला सांगितलंय, तुला अर्धा तास काढता येत नाही का, म्हणून झापलं. मी विचारलं, एका बापाला फिरवू की जगातल्या सगळ्या बापांना बरं करू? तिने फोन ठेवला. निरुत्तर झाली बिचारी.

२१ मार्च
तीन टक्के. दोष इंटरनेटचा. कंपनीकडे तक्रार ठोकली. माउस हलवून हलवून अडकायला लागला, नवा आणला.
बाबा आता खालच्या शिंपीकाकांबरोबर बागेत जातात. दिवसभर मशीनवर वाकून त्यांची पाठ धरते, म्हणून ते फिरायला जातातच. सोय झाली. जाताना दोघं कशावरून तरी हसत होते. जरा चुटपुट लागली. पण थोर कामात हे चालायचंच.

२९ मार्च
बायको टेबल पुसता पुसता स्क्रीन वाचून म्हणाली की इथे तर लिहिलंय, कुणी कॉम्प्युटर वापरत असेल तर काम थांबेल. तुम्ही समोरून उठलात की चालतं ते. तिला म्हटलं, टेक्निकल गोष्टीत तू पडू नकोस.
ती गेल्यावर सेटिंग पाहिलं. पहिल्या दिवसापासून तसंच होतं. मी माउस हलवत होतो, ते थांबत होतं.
म्हणजे रोज बाबांबरोबर बागेत गेलो असतो, तर... वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

३१ मार्च, संध्याकाळ
मुदत संपली. तुमचा तुकडा दुसऱ्या स्वयंसेवकाला दिला आहे, असा निरोप आला. आभारही मानलेत.
हरकत नाही. नवा तुकडा घेतला. कॉम्प्युटर चालू ठेवून बूट चढवले आणि बाबांना म्हणालो, चला, बागेत जाऊ. बाबा संकोचले. म्हणाले की शिंपीकाका जिन्यात थांबलेत, त्यांना आता नाही कसं म्हणू. आणि तुझं काम मोठं आहे, तू बस. माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात थरथरत होता.
ते गेले. मी बाहेरच्या खोलीत बूट घालून बसलोय. कशालाच हात लावत नाही. आत काम झपाट्याने चाललंय.