उतार, गिअर आणि पहिली ओळ

प्रिय दादा,

फोनवर तू मला दोन वाक्यं पुरी करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. गाडी थांबवूनच वाच. स्टिअरिंगवर कागद ठेवून वाचायची तुझी खोड मला ठाऊक आहे.

तुझी लेक माझ्याकडे मजेत आहे. तिच्या कपाटात कपडे कमी, स्क्रू जास्त. सुट्टीत तुझ्या लॉरीच्या केबिनमध्ये बसून आल्यापासून एकच ध्यास: लांब उतारावर ब्रेक तापतात कसे, आणि बाबा तेव्हा खालचा गिअर का टाकतात? मी शिकवते त्या आमच्या शाळेच्या विज्ञान गटात निवड व्हावी म्हणून तिने निबंध लिहिला तोही यावरच. हल्ली निबंध एआय तपासतं. त्याचा शेरा तुला आलाच: ‘मेहनती मुलगी. वाहनदुरुस्तीचा कोर्स योग्य.’ तू लगेच होकार कळवून मोकळा! वर मला टोमणा, की आत्या कौतुक करणारच, यंत्राला कुठे भाची असते?

टोमणा लागला, पण कुतूहलही चाळवलं. भाची नसते, मग यंत्राला असतं तरी काय? शाळा सुटल्यावर मी तोच निबंध पुन्हा तपासायला टाकला. तिचं नाव काढलं, शेरा तोच. मग पहिली ओळ बदलली. ‘माझे बाबा लॉरी चालवतात’च्या जागी ‘माझे बाबा डॉक्टर आहेत’. बाकी अक्षरही हलवलं नाही. शेरा आला: ‘संशोधक दृष्टी. विज्ञान गटात जरूर घ्यावे.’ मला हसूच फुटलं. भरलेली लॉरी घेऊन डॉक्टर उतार उतरतोय, आणि यंत्राला काही वावगं वाटलं नाही! मग वकील घातला, गट मिळाला. गवंडी घातला, पुन्हा कोर्स. कोर्स वाईट नाही रे. पण तो तिने निवडावा. यंत्राला हे कुणी मुद्दाम शिकवलं नसेल. आपण सगळ्यांनी आजवर जे लिहून ठेवलं, त्यातूनच उचललं असणार.

हे शेरे मी मुख्याध्यापिकांना दाखवले. गटासाठी आलेले सगळे निबंध आता त्या स्वतः वाचणार आहेत. मी लेकीला म्हटलं, ती ओळ तेवढी काढून टाक. तर म्हणाली, “आत्या, मग हे सगळं मला कुठे दिसलं, ते कसं कळणार?” ओळ तशीच आहे.

अडलंय फक्त तुझ्या होकारापाशी. कोर्सला हो म्हटल्यामुळे तिचं नाव गटाच्या यादीतून निघालंय; होकार मागे घेतलास तरच तिचा निबंध वाचला जाईल. फोनवर हे सांगवलं नाही. कारण त्या पहिल्या ओळीचं ऐकून तू नुसतं “बरं” म्हणाला असतास आणि गप्प झाला असतास. ते गप्प होणं मला सोसलं नसतं. तिला त्या ओळीची लाज वाटत नाही, दादा. तूही वाटून घेऊ नकोस. पुढच्या थांब्यावरून शाळेत फोन कर.

तुझीच,
भाची नसती तरी हेच लिहिणारी,
चिमणी