हरकत आहे

दि. ८ फेब्रुवारी

चिमणे,

अनेक आशीर्वाद. इकडे मी ठणठणीत. तुझ्या नवऱ्याची पाठ कशी आहे? शेक घ्यायला सांग, आणि पोती उचलायला दुकानात दुसरे आहेत म्हणावं. पोरीचा दात पडला का? फोटोत तो लोंबकळताना दिसला तेव्हापासून माझाच जीव टांगणीला लागलाय.

आमच्या कारखान्यात शर्टांची मोठी ऑर्डर आलीय. दिवसभर शर्ट उलटे करायचे, शिवण ओढून बघायची, टाका सुटला असेल तर परत पाठवायचा. शिलाईच्या मुली मला पाठीमागे 'फौजदारीण' म्हणतात. म्हणू देत. वरून इस्त्री चकचकीत दिसली की आत सगळं ठीक असेल असं मानणारी मी नव्हे.

आता मुद्दा. फोनवर सांगितलं असतं तर पहिल्या वाक्यालाच तू फोन आपटला असतास. कागद आपटून काही होत नाही, म्हणून लिहितेय.

तो आलाय. तुझ्या जन्माच्या आठवड्यात आई दवाखान्यात असताना तिचं शिलाई मशीन खांद्यावर टाकून जो गेला, तो. मी दारातच उभी होते तेव्हा. मला वाटलं दुरुस्तीला नेतोय, म्हणून मी दाराची दुसरी झडपही उघडून धरली. तुला तर त्याचा चेहराही ठाऊक नाही. मला आहे, आणि तो फारसा बदललेला नाही, फक्त गाल आत गेलेत.

म्हणतो, मी ख्रिस्तावर विश्वास ठेवलाय, मला बाप्तिस्मा घ्यायचाय. आमच्या रस्त्याच्या टोकाला टायरचं दुकान आहे, त्याच्या वरच्या हॉलमध्ये एक लहानशी ख्रिस्ती मंडळी दर रविवारी जमते. तिथे जातो हा. मी म्हटलं, वा! जन्मभर दुसऱ्याचं घर बुडवायचं आणि शेवटी आपण पाण्यात एक बुडी मारून स्वच्छ निघायचं. त्याने 'हो' म्हणून मान हलवली. अशी माणसं लगेच कबूल झाली की मला जास्त संशय येतो.

मग त्या मंडळीला शिकवणारे मास्तर मला कारखान्याच्या फाटकाशी भेटायला आले. एरवी शाळेत गणित शिकवतात. म्हणाले, "ताई, आम्ही पहिल्या काळातल्या ख्रिस्ती लोकांची एक रीत आमच्या परीने पाळतो. तेव्हा छळ व्हायचा. काहींनी तुरुंग सोसला, काहींनी घाबरून विश्वास नाकारला आणि सुटले. दिवस पालटल्यावर ते सुटलेले परत आले. त्यांना आत घ्यायचं की नाही, यावर मोठी भांडणं झाली. तेव्हा ज्यांनी सोसलं होतं त्यांच्या शब्दाला मान असायचा. म्हणून आम्हीही विचारतो. ज्याने आपल्या माणसांना सोडलं, त्याच्या बाप्तिस्म्याआधी त्या माणसांना विचारतो, तुमची हरकत आहे का?"

"आणि असली तर?"

"तर थांबतो. हरकत जाईपर्यंत."

"आणि तोवर तुमचा देव काय करतो?"

"देवाने क्षमा कधीच केली असेल. थांबायचं ते आम्हाला."

जिला विचारायला हवं ती आई आता नाही, म्हणून तिच्या जागी आपण दोघी. मी म्हटलं, म्हाताऱ्याने वेळ बरोबर साधली. जिने चपलेने स्वागत केलं असतं ती गेल्यावर आला. पण एवढ्यावर माझं समाधान होईना. कुठेतरी पाणी मुरत होतं. चार ठिकाणी चौकशी केली तेव्हा कळलं. हॉलच्या मागे राखणदाराची खोली आहे. खाट, नळ, खिडकी. राखणदार मुलाकडे राहायला गेला, खोली रिकामी पडलीय, आणि ती मिळते फक्त मंडळीतल्या माणसाला. मंडळीतला म्हणजे बाप्तिस्मा झालेला. कळलं ना? पापातून तारण वगैरे वरची इस्त्री. आतली शिवण खोलीची आहे.

मी मास्तरांना अजून काही सांगितलेलं नाही. तू काळजी करू नकोस.

जाता जाता, माळ्यावर तुझी जुनी गादी आहे, ती ऊन दाखवून वापरायला काढली तर चालेल ना? उंदरांनी खाण्यापेक्षा बरं.

तुझी
ताई


दि. २२ फेब्रुवारी

चिमणे,

आशीर्वाद. पत्र पोचलं. "आधी त्याला घराबाहेर काढ" एवढ्याच मजकुराला तू अख्खं पाकीट लावलंस. पोरीच्या दाताबद्दल एक अक्षर नाही.

तो माझ्या घरात आहे असं मी कुठे लिहिलं होतं? गादीवरून ओळखलंस तू. बरं, आहे. स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत, तुझ्याच गादीवर. आता काय बोलायचं ते बोल. आमच्याच जिन्याखाली झोपायला लागला होता आणि खालची बाई येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होती, हा कुणाचा कोण. लोकलाजेस्तव आत घेतला. शिवाय चोर नजरेसमोर असलेला बरा.

नजर मी चांगली ठेवलीय. तो अंघोळीला गेला की पिशवी तपासते. मोजे, कंगवा, काडीला दोरा गुंडाळलेला चष्मा. एवढंच! ज्या माणसाच्या पिशवीत लपवण्यासारखं काहीच नाही, त्याने ते दुसरीकडे लपवलं असणार. एकदा सुट्टी टाकून मी त्याच्या मागे गेले. म्हातारा हॉलचा जिना पुसत होता. एकटाच, कुणी बघत नसताना. बघणारं कुणी नव्हतं म्हणून मी आधी जरा विरघळले, मग लक्षात आलं की खोली मिळवायची तयारी अशीच करतात. सुंभ जळेल, पीळ जायचा नाही.

रविवारी मी हॉलमध्येही गेले. लक्ष ठेवायलाच. दाराजवळ एक बाक आहे, बाप्तिस्मा न झालेल्यांसाठी. हीसुद्धा त्यांची जुनी रीत. शिकवण ऐकायची, आणि सगळ्यांनी मिळून भाकर मोडून खायची वेळ आली की बाकावरच्यांनी बाहेर जायचं, दार लागतं. मी तर कशातच नाही, त्यामुळे मलाही तिथेच बसवलं. त्याच्या शेजारी! मध्ये मी माझी पर्स ठेवली.

मास्तर शिकवत होते. तारण कृपेने होतं म्हणे. ते कमावता येत नाही, पुण्य साठवून मिळत नाही. देव देतो, माणसाने फक्त हात पुढे करायचा, आणि हात पुढे करणं म्हणजेच विश्वास. चिमणे, मला राहवेना. शाळेतल्यासारखा हात वर केला.

"मास्तर, एकाने जन्मभर राबून घर सांभाळलं आणि एकाने ते सोडून दिलं. दोघांना एकच?"

"एकच."

"मग राबणारा मूर्खच ठरला की."

खालच्या दुकानात कुणीतरी टायर आपटला. मास्तर म्हणाले, "ताई, तुम्ही घर सांभाळलंत ते कुणीतरी काहीतरी द्यावं म्हणून सांभाळलंत का?"

मी पर्सची चेन उघडली आणि लावली, आणि त्या प्रश्नाचा राग अजून गेलेला नाही. तुला लहानपणी मांडीवर झोपवून मी काजं-बटणं करायची, ती काय कुणी शाबासकी द्यावी म्हणून? नाही. पण मग ज्याने ते केलं नाही त्यालाही तेच ताट वाढणार असाल, तर निदान त्याला आधी थोडं रांगेत उभं करा! फुकट मिळालेल्या गोष्टीवर माझा विश्वासच बसत नाही. मला कधी काही फुकट मिळालेलं नाही, त्यामुळे ते कसं दिसतं हेही मला ठाऊक नाही.

मग आम्हाला बाहेर काढलं. दार लागलं. जिन्यात रबराचा वास आणि आम्ही दोघं. मी सरळ विचारलं, "खरं सांगा, तुम्हाला काय पाहिजे?"

म्हणाला, "माझ्या करणीचं काय फळ मिळायला हवं ते मला माहीत आहे, पोरी. ते मिळू नये म्हणून आलोय."

बोलायला चांगला आहे. पूर्वीही होता. आईला त्याने बोलूनच जिंकलं होतं.

पुढच्या वेळी मास्तर सगळ्यांसमोर मला विचारणार आहेत. काय बोलायचं ते मी ठरवलंय. तुला आवडणार नाही, पण त्यात माझा डाव आहे.

तुझी
ताई


दि. ८ मार्च

चिमणे,

तुझ्याकडून काही आलं नाही. रागावली आहेस. राग असू दे, पण हे पत्र शेवटपर्यंत वाच. मधे थांबलीस तर माझ्याबद्दल चुकीचं मत होईल, आणि शेवटपर्यंत वाचलंस तर कदाचित आणखी वाईट होईल.

डाव असा होता. "हरकत नाही" म्हणून टाकायचं, तुझ्या वतीनेही. त्याला बाप्तिस्मा मिळेल, खोली मिळेल, तो गादी सोडेल, आणि मी सुटेन. नंतर मास्तरांना सांगायचं, बघा, खोली मिळाल्यावर याचा विश्वास किती दिवस टिकतो ते. एका दगडात दोन पक्षी. खोटं बोलायला लागणार होतं, पण त्यांच्या हॉलमध्ये खोटं बोलायला मला कसला दोष? मी त्यांच्यातली नाही.

मास्तरांनी त्याला पुढे बोलावलं. मला उभं केलं. विचारलं, "याने तुम्हाला सोडलं. याला आत घ्यायला तुमची हरकत आहे का?"

मी म्हटलं, "नाही. काही हरकत नाही."

इतकं सफाईदार बोलले की माझं मलाच कौतुक वाटलं. पुढच्या रांगेतल्या एका बाईने डोळ्याला पदर लावला. मास्तर हसले, आणि तेवढ्यात तो म्हणाला, "मास्तर, थांबा. ती खोटं बोलतेय."

सगळे बघायला लागले.

"आज सकाळी तिने माझ्यापुढे चहा असा ठेवला की बशी फुटली. रोज अशीच ठेवते, आज बशीने हाय खाल्ली इतकंच. तिची हरकत आहे. असायलाच हवी." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तू माझ्यासाठी खोटं बोलू नकोस."

काही लोक हसले, बशीला. मी हसले नाही. माझे कान तापले होते. आजवर मी हजारो शर्ट उलटे केले, पण मला कुणी असं चारचौघांत उलटं करून दाखवलं नव्हतं.

मास्तरांनी पुन्हा विचारलं, अगदी हळू, "ताई?"

मी म्हटलं, "आहे. हरकत आहे." आणि बसले.

बाप्तिस्मा त्यांच्याकडे वर्षातून एकदाच होतो. त्याचा यंदाचा गेला. त्याच दिवशी ती खोली एका विधुर सुताराला मिळाली. आम्ही दोघं बाकावरून उठून बाहेर आलो, दार लागलं. मला अजूनही वाटत होतं की यात काहीतरी आहे, हा आणखी मोठा काहीतरी डाव असणार. म्हणून मी जिन्यात त्याला टोचलं, "खोली गेली ना हातची?"

"हो," म्हणाला. "चांगली होती. नळाला पाणीही असायचं."

म्हणजे त्याला खोली हवी होती! मी ओळखलं होतं, चिमणे, मी चुकले नव्हते. पण मग मी विचारलं, "मग गप्प का नाही बसलात?"

तो कठड्याला धरून उभा राहिला. म्हणाला, "तुझ्या खोट्यावर पाय देऊन आत गेलो असतो, तर पुन्हा एकदा तुमच्या घरातलं काहीतरी उचलून नेल्यासारखं झालं असतं. त्या दिवशी तू मला दरवाजा उघडून दिला होतास. आठवतं मला."

मी पुढे झाले. भराभर जिना उतरले. मला त्याच्यासमोर रडायचं नव्हतं, आणि रडलेही नाही, टायरच्या दुकानामागे जाऊन रडले.

आता खरं लिहिते. मला तो खोटा निघायला हवा होता. मनापासून हवा होता. तो खोटा असता तर माझं सगळं जिथल्या तिथे राहिलं असतं. आई बिचारी, मी राबणारी, तो चोर. कृपा, क्षमा या भानगडीत मला पडायलाच नको होतं. तो खरा असेल तर हा सगळा राग मी ठेवू कुठे? इतकी वर्षं याच्याच जोरावर मी उभी आहे. आणि मी अजून त्याची पिशवी तपासते, हेही सांगून टाकते. कालही तपासली.

आणि आणखी एक. मी तिथे लक्ष ठेवायला जाते असं लिहिलं होतं. पहिल्या रविवारी ते खरं होतं. नंतर मात्र दार लागलं की आत काय होतं ते मला बघावंसं वाटायला लागलंय. जिन्यात उभं राहिलं की ते आत गातात ते ऐकू येतं. मी विश्वास ठेवलाय असं नाही, आणि उगाच कुणाला सांगत सुटू नकोस. पण कमावल्याशिवाय मिळणारं असं काही खरंच असेल, तर ते मलाही हवंय, चिमणे. मी फार दमले आहे.

त्याने तुझ्याबद्दल एकदाही विचारलं नाही. मी चिडून कारण विचारलं, तर म्हणाला, "विचारायचा मला हक्क नाही." मग मी आपण होऊन तुझा फोटो दाखवला. रागावू नकोस. त्याने तो चष्मा लावून, चष्मा काढून, खिडकीजवळ नेऊन पाहिला. तुझं नाक त्याचं आहे. इतकी वर्षं मी ते तुझ्या तोंडावर रोज बघितलं आणि कुणाचं ते आठवू दिलं नाही स्वतःला.

मास्तर म्हणतात, आता दर महिन्याला विचारतील. मी दर वेळी खरं तेच सांगणार. पुढच्या वेळीही "आहे"च म्हणेन बहुतेक, पण तेवढ्याच जोरात म्हणवेल का, माहीत नाही. आता तुलाही विचारायचंय त्यांना. तू येऊन बिनधास्त "आहे" म्हण. ओरडून म्हण. तो ऐकून घेईल, एवढं मी आता शपथेवर सांगते, आणि शपथ मी सहसा घेत नाही.

पोरीलाही आण. पडलेला दात मला बघायचाय.

तुझी, आणि आता पर्स मांडीवर घेऊन बसणारी,
ताई