उडीआधीचा श्वास

प्रिय टोळ,

तुझं पत्र येऊन आज अकरा दिवस झाले. पहिल्या दिवशी ते मी उभ्या-उभ्याच वाचलं, घडी करून आरशामागे खोचलं, आणि तेव्हापासून केस विंचरायलाही आरशासमोर जात नाही. चार वर्षांत तुझी एक ओळ नव्हती आणि आली ती एकच प्रश्न घेऊन. त्या दिवशी उडीआधी मी श्वास घेतला होता का गं, तू सगळ्यात जवळ होतीस म्हणून विचारते. माझी छत्री तुझ्याकडे राहिलीय का, असं विचारावं तितक्या साधेपणाने तू हे विचारलंयस. खाली लिहिलंयस की तू काम करतेस त्या चष्म्याच्या दुकानाच्या वर लहान मुलांचा नृत्यवर्ग सुरू होतोय, त्यांनी तुला शिकवायला बोलावलंय आणि तू महिनाअखेरीला नाही म्हणून कळवणार आहेस. जिला स्वतःचा श्वास कळला नाही, तिने लोकांची पोरं कशी उडवायची, असं तुझं म्हणणं. महिना संपायला सहा दिवस उरलेत. उत्तर लहानसंच आहे, पण आढेवेढे घेतल्याशिवाय मी कधी कुठल्या गोष्टीला हात घातलाय? तेव्हा थोडी कळ काढ.

परवा नृत्यसंस्थेच्या साफसफाईत आपल्या उमेदवारीच्या वेळचा बादली-पोछा सापडला. त्याच्या दांड्याला तू गुंडाळलेली निळी चिकटपट्टी अजून आहे. रोज सकाळी सातला आपण दोघी त्या काळ्या रबरी फरशीवरून पोछा फिरवायचो आणि तिच्या जोडांवरच्या पट्ट्या बोटांनी चाचपून बघायचो, कारण अनवाणी पायाचा अंगठा उचकटलेल्या पट्टीत अडकला की संपलंच. मग दिवसभर मागच्या भिंतीला टेकून मोठ्यांची कामं अंगात मुरवायची, कुणी आजारी पडलं तर त्या जागी उभं राहता यावं म्हणून. कुणी आजारी पडायचंच नाही. ही माणसं मेली तरी तालमीला येतील, असं तू म्हणायचीस. पहिले तीन महिने मास्तरांनी आपल्याला नुसतं पडायला शिकवलं. बाबांनी फोनवर विचारलं, काय शिकलीस, मी म्हटलं, पडायला. ते म्हणाले, त्यासाठी इतक्या लांब कशाला गेलीस, ते तर तुला पाळण्यात असल्यापासून येत होतं. हे तुला सांगितलं तेव्हा तू खाली बसून हसली होतीस.

जागा एकच आहे, हे बाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. संस्था त्यांची, शब्द त्यांचा. वर्ष संपलं की दोघींपैकी एक कायम, दुसरीला नमस्कार. आपण दोघींनी त्या रात्रीच ठरवलं की या विषयावर बोलायचंच नाही, आणि शपथ पाळल्यासारख्या वर्षभर बोललो नाही. एका खोलीत राहिलो, एकाच बर्फाच्या पिशवीने आळीपाळीने घोटे शेकले, टाचेची फाटलेली कातडी एकमेकींची कापून दिली. पण आरशात मी तुझ्याकडे बघायची ते फक्त मैत्रीण म्हणून नव्हतं, हे तुला कळत होतं का? मला तुझे पाय हवे होते. माझ्याकडे खांदे होते, आणि खांद्यांकडे बघायला कोण येतं.

म्हणून तर तू टोळ आणि मी खांब. आपल्या दोघींच्या त्या नाचाच्या तुकड्यात तू उडायचीस, मी झेलायची. तुझी पाठ माझ्याकडे, मी तुझ्या मागे तीन पावलांवर एका पायावर तोललेली. मास्तरांचा नियम एकच होता. बघायचं नाही, मोजायचं नाही, ऐकायचं. उडणारीने मागे झोकून देण्याआधी नाकाने श्वास ओढायचा, झेलणारीला ऐकू जाईल असा, आणि तो कानावर पडला की झेलणारीने पाय टेकून पुढे यायचं. सुरुवातीला तू अंग चोरायचीस. अर्धं वजन स्वतःकडे ठेवायचीस आणि मास्तर वैतागायचे. मग एका मंगळवारी तू सगळं दिलंस. माझ्या हातांत तू अख्खी होतीस, डोळे मिटलेले, आणि मला रडू आलं होतं. त्यानंतर तू कधी मागे वळून पाहिलं नाहीस. इतका विश्वास माझ्यावर माझ्या आईनेही टाकलेला नाही, ती अजून दूध उतू जाईल म्हणून माझ्यामागे उभी राहते.

मग वर्षअखेरची ती तालीम. बाई समोर खुर्चीत होत्या, मास्तर बाजूला टाळी देत होते. तू उडालीस आणि खाली मी नव्हते. डावा गुडघा आधी टेकला, मुडपलेला. तो आवाज मी लिहिणार नाही, तो तुलाही आठवतच असेल. मास्तर तुझ्याजवळ गुडघ्यांवर बसले आणि माझ्याकडे बघून त्यांनी हळूच विचारलं,

“श्वास आला होता का?”

मी म्हटलं, “नाही आला.”

त्यांनी तेच तालमीच्या वहीत लिहिलं. दवाखान्यात तुला त्यांनीच सांगितलं, आणि तू भांडली नाहीस. हो का, मला वाटलं मी घेतला होता, एवढंच म्हणालीस. चार जणांनी सांगितलं तर तू स्वतःचं नावही बदलून घेशील, हा तुझा स्वभाव मला ठाऊक होता.

तुझं सामान न्यायला तुझ्या घरून मावशी आल्या होत्या. कपाट मीच रिकामं केलं, तुझे कपडे मीच घडी करून दिले. तुझे नी-पॅड त्यांनी हातात घेतले, जरा वेळ धरले आणि माझ्या हातात दिले. तिला आता काय करायचे, तू वापर, आणि जप स्वतःला, असं म्हणत त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. मी ते घेतले. त्याच आठवड्यात मी कायम झाले. तुझे नी-पॅड मी वर्षभर वापरले, टोळ. ते मला नीट बसत नव्हते तरी वापरले.

मी वाईट नाचत असेन असं तुला वाटायला नको. चांगली नाचते. देवाने शिक्षा म्हणून पाय जड केले असते तर मी सुटले असते. यंदा तर नवीन उमेदवार माझ्या हाताखाली दिलेत. पहिल्या दिवशी मास्तर त्यांना तुझी गोष्ट सांगतात. नाव घेत नाहीत, एक मुलगी होती म्हणतात, फार चांगली होती, पण श्वास विसरली. दर वर्षी सांगतात आणि दर वर्षी मी शेजारी उभी असते. यंदाच्या एका पोरीने त्याची इतकी धास्ती घेतलीय की उडायच्या आधी भात्यासारखा श्वास ओढते. बाकीचे हसतात. मागच्या गुरुवारी उडी झाल्यावर तिने मला विचारलं, ताई, ऐकू आला ना? मी हो म्हटलं. तिने पुन्हा विचारलं, नक्की ना? त्या दिवशी मी घरी येऊन आरशामागचं तुझं पत्र परत काढलं.

आता सांगते. त्या तुकड्यात माझं म्हणावं असं एकच होतं, ते एका पायावर उभं राहणं. बाकी सगळ्यांच्या नजरा तुझ्यावर. बाई एरवी त्या वेळी कागदात बघायच्या. त्या दिवशी त्यांनी मान वर केली आणि थेट माझ्याकडे पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदा. तुझा श्वास आला, टोळ. स्वच्छ आला, नेहमीसारखा. मी तो ऐकला आणि पाय खाली टेकवला नाही. अजून क्षणभर बघू देत बाईंना, एवढंच मनात आलं. तुला पाडायचं नव्हतं, हे मी चार वर्षं स्वतःला सांगतेय आणि ते खरंही आहे. पण मी ऐकूनही थांबले, हेही तितकंच खरं आहे.

काल तालीम संपल्यावर मी हे मास्तरांना सांगितलं. ते वही मिटत होते. त्यांनी ती पूर्ण मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाले,

“मला तेव्हाच माहीत होतं. मीही ऐकला होता. एक तर गेलीच होती, दुसरीला घालवून काय करणार होतो? पंधरा दिवसांवर प्रयोग होता.”

मग त्यांनी मला दिवे बंद करून यायला सांगितलं. मी केले.

या पत्रासोबत एक कागद आहे. त्यावर वरचं सगळं तारखेसकट लिहून मी सही केलीय, मास्तर काय म्हणाले तेही. आज सकाळी त्याचीच एक प्रत मी बाईंच्या टेबलावर ठेवली आणि उमेदवारांना एकत्र बसवून ती गोष्ट होती तशी सांगितली. ती भाता ओढणारी पोर माझ्याकडे बघत राहिली आणि मग उठून माझ्यापासून लांब जाऊन बसली. बरोबर केलं तिने. मला इथे ठेवतील की नाही ते कळेलच, त्याची फिकीर तू करू नकोस. माफी मागायला हे लिहिलं नाही, ती तू द्यावीस असं मला वाटतही नाही, आणि या पत्राला उत्तर नको. कागद त्या वर्गाच्या लोकांना दाखवायचा तर दाखव, नाहीतर फाडून टाक, पण त्यांना नाही म्हणून कळवू नकोस. त्या मुलांना उडायला शिकव आणि मागे उभं राहून झेलणाऱ्यालाही शिकव, ते तुझ्याइतकं कुणाला कळणार नाही. तू श्वास घेतला होतास. दोघांनी ऐकला होता.

तुझीच म्हणायचं तोंड नाही, तरीही तुझीच,
खांब