परक्या बाईची पाठ

आई, तुझ्यावर चिडूनच लिहायला बसले आहे. कंपनीच्या कामासाठी महिनाभर जपानात आहे आणि आज सुट्टी म्हणून ऑफिसातल्या बायकांनी मला समुद्रकाठच्या एका गावात आणलं आहे. इथे जमिनीतूनच कढत पाणी वर येतं. गटारांच्या झाकणांतून वाफ निघते, त्या वाफेवर अंडी आणि रताळी उकडून रस्त्याकडेला विकतात, आणि माणसं लांबलांबून येतात ती फक्त अंघोळीला. दुखऱ्या कमरा आणि गुडघे घेऊन येतात, गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसतात, समोरचा समुद्र बघत राहतात. कुणी त्यांना आळशी म्हणत नाही. ते पाहून माझं डोकंच फिरलं, कारण मला लातूरच्या खोलीत भिंतीला धरून उठणारी तू आठवलीस.

इथली रीत अशी, की आधी बुटक्या स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ व्हायचं आणि मगच सगळ्यांच्या हौदात उतरायचं. अंगावर एक सूत नको. मी आपली बॅगेतला परकर छातीवर बांधून गेले, आपल्याकडे नदीवर जातात तशी. दारातल्या बाईने हसत, वाकून मला परत पाठवलं. मग पंचेचाळीस वर्षांची मी भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसले. शेजारी एक म्हातारी डोळे मिटून केसांना साबण लावत होती आणि तिचा नळ नुसताच वाहत होता. लातूरला आठ-आठ दिवस नळ यायचा नाही, वाहतं पाणी मला अजून बघवत नाही. मी न विचारता हात लांबवून तिचा नळ बंद केला. म्हातारीने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, आपलं ओलं फडकं माझ्या हातात दिलं आणि पाठ वळवली. मला काही कळेना. सोबतच्या बाईने सांगितलं, ‘इथे लेकी आईची पाठ चोळून देतात. त्यांना वाटलं, तुम्हाला त्यांची चोळायची आहे.’ आता नाही कसं म्हणणार? चोळली. म्हातारी सुखाने ‘हं, हं’ करत होती. मला वाटलं रडू येईल, पण आला तो राग.

भूकंपात गावाकडच्या घराची दगडी भिंत तुझ्या पाठीवर आली. ती खरं तर माझ्यावर यायची होती, तू मधे पडलीस. हे मला काकूने सांगितलं, तू कधीच नाही. वर्षभर पत्र्याच्या शेडमध्ये काढल्यावर अण्णा शेतीसाठी निलंग्याकडे मागे राहिले आणि तू मला घेऊन लातूरला आलीस. तेव्हा जो तो आपलं लेकरू डॉक्टर-इंजिनियर करायला लातूरला धाडत होता. आपल्या गल्लीत घर तिथे क्लास आणि खोली तिथे मेस. तूही क्लासच्या पोरांचे डबे करायला लागलीस. अकरावीतला तो रविवार आठवतो? दुपारची भांडी घासून तू उठायला गेलीस आणि तिथेच बसलीस, तोंडात पदराचा बोळा कोंबून. मी पातेलंभर पाणी तापवते, फडकं बुडवते आणि म्हणते, ‘आई, चोळी काढ, पाठ शेकते.’

‘माझ्या पाठीला काय धाड भरलीय?’

‘उठता येईना की तुला.’

‘येतंय मला. लोकाच्या लेकी क्लासला जायल्यात आन तू पाठ शेकीत बसती व्हय? जा, गणित कर. मोठी झालीस मंजी कर माझी सेवा.’

आणि त्या पाण्यात तू पोरांचे डबे धुतलेस.

मोठी झाले. पहिल्या पगारात तुला शेकायची रबरी पिशवी आणली, ती तू खोक्यासकट कपाटात ठेवलीस. म्हणालीस, ‘नवी हाय, पाव्हणेरावळे आले की काढू.’ पाहुण्यांची कंबर शेकायला कुणी पिशवी जपून ठेवतं का गं? तू गेलीस तेव्हा मी नांदेडला नोकरीत होते. मी पोहोचेपर्यंत तुझ्या जावांनी तुला अंघोळ घालून नवं लुगडं नेसवलं होतं. तुझी पाठ मी एकदाही पाहिली नाही. तिथे व्रण होता की हाड वर आलं होतं, मला माहीत नाही. या म्हातारीच्या डाव्या खांद्याखाली तीळ आहे, हे मात्र आता जन्मभर लक्षात राहणार. परक्या बाईची पाठ मी चोळली आणि तुझी नाही. तुझ्या त्या हट्टाचा मला संताप येतो.

हे पाठवणार कुठे? हॉटेलच्या कागदावर लिहिलं आहे, इथेच फाडून टाकेन. पण एवढा सगळा दोष तुझ्या माथी मारल्यावर एक खरं सांगायला हवं. ती भिंत माझ्यावर यायची होती, हे काकूकडून मला त्या रविवारच्या आधीच कळलं होतं. फडकं मी उगाच पुन्हा पुन्हा बुडवून पिळत होते, तुझी पाठ बघावी लागेल या भीतीने. तू नको म्हणालीस आणि मला सुटल्यासारखं झालं. म्हणूनच मी पुन्हा कधी विचारलं नाही.