माझ्या नावाचा रकाना

मंगळवार, संध्याकाळ
सर्जापूर रोड

निखिलने माझ्या डिप्रेशनची ऑनलाइन शीट बनवली आहे. नवरा प्रोजेक्ट मॅनेजर असला की असंच होणार. शॉकचे उपचार घ्यावेत की नाही, यावर घरातल्या प्रत्येकाच्या मतासाठी एकेक रकाना. आईने पुण्याहून लिहिलंय, ‘आधी योगा करून बघ.’ आठ महिने गोळ्या घेऊनही मला अंघोळीला उठवत नाही, आणि म्हणे योगा. सासूबाईंना वाटतं, मी सगळं विसरेन. जयनगरच्या डॉक्टर तर म्हणाल्या, भूल देऊन करतात, अलीकडचं स्वल्प, म्हणजे थोडंसंच, विसरायला होईल.

माझा रकाना रिकामा. आज निखिल विचारतो, "अगं, तू का भरला नाहीस?" कसा भरणार? सगळ्यांना लिहायची परवानगी दिलीय, मला फक्त बघायची. मला भीती वाटत नाही का? वाटते. विचारली कुणी?

"चुकून राहिलं गं," म्हणत त्याने लॅपटॉप उघडला. "देतो आत्ता परवानगी."

मी फ्रिजवर लावलेला डॉक्टरांचा संमतीचा कागद काढला आणि पेनाने सही केली. रकाना राहू दे रिकामा.