गाडीचं राहिलेलं गाऱ्हाणं

मये, डिचोली
६ ऑक्टोबर २०२४

ती. संजना आक्का यांस,
देवकीचा वाकून नमस्कार.

इकडे सगळी ठीक आहेत. तुमचा गुडघा कसा आहे? तेल चोळता की बाटली नुसती खिडकीत ठेवलीय? फोनच करणार होते, पण तुम्हाला ऐकू यायचं तर मला ओरडावं लागतं, आणि मी ओरडले की मयेभर बातमी. म्हणून कागद घेतला. आपला गौरेश तुयेला कारखान्यात कामाला येतोच, जाताना तुमच्या दारात पाकीट टाकेल. तुमच्या भावाला कळवू नका. त्यांना वाटेल मी कागाळ्या करते. करतेच आहे, ती गोष्ट वेगळी.

आपली जुनी पिकअप शेवटी गेली. भाद्रपदात इंजिनाने जीव सोडला तो सोडलाच. आता दिवाळीच्या पाडव्याला नवी गाडी दारात यायची असं ठरलंय, पण कुठली, यावरून घरात महिनाभर जेवणं कडू झाली आहेत. यांना पुन्हा पिकअपच हवी. गौरेशला हवी सात जणांची मोठी गाडी, ती उंच, रुंद, आत गारेगार, म्हशीसारखी वाट अडवणारी.

तसं बघितलं तर दोघांचंही खरं आहे. कुळागरातली केळी, नारळ, सुपारी डिचोलीच्या बाजारात न्यायची तर पिकअप हवी. आणि सगळ्यांनी मिळून कुठे जायचं, तर पिकअपमध्ये बसणार कुठे? गौरेश परवा जेवताना म्हणाला, "बाबा, तुमी चलयतले, आई तुमच्या कुशीक, आनी हर्षान गौरवीक घेवन केळ्यांच्या घडार बसपाचें?" हर्षा हसू आवरायला स्वयंपाकघरात गेली. सून शहाणी आहे. हे म्हणाले, "पयलीं आमी सगळीं ट्रकाच्या हौद्यांत बसून जत्रेक वतालीं, कोण मेलें ना." म्हटलं मेलं नाही, पण माझी कंबर त्या जत्रेपासूनच दुखते.

गेल्या रविवारी म्हापशाला दोन्ही गाड्या बघून आलो. मोठ्या गाडीत चढायचं म्हणजे नऊवारी नसली तरी कासोटा घालावा असं वाटलं. मधल्या सीटवर मात्र बाई, खोटं कशाला बोलू, सुख वाटलं. मागच्या दोन सीटांवर गुडघे हनुवटीला लागतात आणि त्या उघडल्या तर मागे केळ्यांचा एक घड मावत नाही. यांनी हाताने मापून दाखवलं. पिकअपचा हौदा चांगला लांबरुंद आहे, त्याच्यावर हात फिरवताना यांचा चेहरा असा झाला होता की मला आमचं लग्न आठवलं. विकणारा मुलगा चावी पुढे करून म्हणाला, काका, एक फेरी मारून बघा. हे म्हणाले, "गरज ना. आवाज आयकून कळता." पंचवीस वर्षं खाणीवर ट्रक चालवलेला माणूस, आणि नवी गाडी चालवून बघायला नको म्हणतो. गौरेशला त्याचं काही वाटलं नाही.

ताटातली डावीकडची मिठाच्या कैरीची तोरं आणि लोणचं हे आताशा तसंच ठेवतात. मुलांना मी सांगितलंय, रक्तदाबामुळे मीठ कमी केलंय.

आता दोघंही ऐकत नाहीत म्हणून देवाला विचारायचं ठरलंय. गुरुवारी देवळात पाकळ्या लावून कौलप्रसाद घेणार. मी कोणाच्या बाजूने, असं हर्षाने विचारलं. म्हटलं मी कोणाच्याच नाही. ती म्हणाली, "आई, तुमी अश्यो गप्प कधी रावपाच्यो न्हय." मी भात वाढायला उठले.

नातींना पापे.

तुमची,
देवकी


मये
१५ ऑक्टोबर २०२४

ती. आक्का,

हे पाकीट गौरेशच्या हाती दिलेलं नाही, पोस्टाने पाठवलंय. वाचलंत की चुलीत घाला.

प्रसादाचं आधी सांगते. गुरुवारी आम्ही सगळे गेलो. बाबली गुरवाने देवाच्या अंगावर पाण्याने पाकळ्या लावल्या आणि विचारलं, काय विचारायचं? हे म्हणाले, उजवी पडली तर पिकअप, डावी पडली तर मोठी गाडी. गौरेश म्हणाला, "माजी गाडी डावे वटेन कित्याक? उजवी माका दिया." बापलेक देवापुढे सीटा वाटून घेतल्यासारखे भांडायला लागले. शेवटी बाबली वैतागला. म्हणाला देव काही दुकानदार नाही, एकच विचारा, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मग वडीलधारे म्हणून यांचा प्रश्न लागला: पिकअप घेऊ का?

बाबलीने गाऱ्हाणं घातलं. बा देवा महाराजा, हो तुजो लेक सगूण, ह्याची जुनी गाडी मोडली, कुळागराचो माल व्हरूंक त्याका नवी जाय, तुजो हुकूम कितें तो दी. मागे उभे असलेले सगळे "व्हय महाराजा" म्हणाले. पाकळी लगेच पडली. उजवी. गौरेशने मुकाट्याने हात जोडले. तो गुणी पोर आहे, देवाच्या पुढे जाणार नाही. घरी येऊन हर्षाने पायस केलं. सगळे जेवले, मी माझं पायस गौरवीला भरवलं.

आक्का, आता खरं लिहिते. तुमच्या भावाला डाव्या बाजूचं दिसत नाही.

चतुर्थीच्या आधी आम्ही चष्मा बदलायला म्हणून पणजीला गेलो होतो. डॉक्टरांनी डोळे तपासले, मग डोक्याचा फोटो काढायला लावला. म्हणाले डोळे चांगले आहेत, पण मेंदूत एक बारीक झटका येऊन गेलाय, तुम्हाला कळलाही नसेल. दोन्ही डोळ्यांचं डावीकडचं दिसणं त्यात गेलं. औषध आहे, ते पुढचा झटका येऊ नये म्हणून. गेलेलं परत येईल असं त्यांनी सांगितलं नाही. आणि गाडी चालवायची नाही, हे मात्र दोनदा सांगितलं. तोरं राहतात ती मिठामुळे नव्हे हो. ताटाचा तो अर्धा भाग त्यांच्यासाठी नाहीच आहे. मी आता वाढताना सगळं उजवीकडे वाढते.

बाहेर पडल्यावर बसस्टँडवर यांनी माझ्याकडून शपथ घेतली, नातीची, गौरवीची. घरात कोणाला सांगायचं नाही. म्हणाले, मान थोडी वळवून चालवली की झालं, डॉक्टरांना ट्रक काय माहीत. मी घेतली शपथ. काय करणार होते? आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे काही मागितलं होतं. तुमचं माहेर मयेचं असलं तरी तुम्ही आता तुयेच्या घरातल्या, म्हणून तुम्हाला सांगितल्याने शपथ मोडत नाही असं मी मनाशी ठरवलंय. मोडत असेल तर पाप माझं.

पण मान वळवून होत नाही, आक्का. प्रसादानंतर दुसऱ्याच दिवशी शेजारच्या जयरामची पिकअप मागून घेऊन आम्ही नारळ न्यायला निघालो. मी बाजूला बसले होते. तळ्याच्या वळणावर पाववाल्या पोदेराचा भोंपू ऐकू आला. मला आला, यांनाही आला. हे म्हणाले, "पोदेर खंय आसा गो?" आणि पोदेर आमच्या डाव्या दाराला खेटून सायकल मारत होता. मी ओरडले. यांनी ब्रेक मारला, पण तोवर तो सायकलसकट गटारात गेला. पाव रस्त्याभर झाले. नशीब, गुडघा सोलवटण्यापलीकडे काही झालं नाही. हे उतरले, पाव गोळा करायला लागले आणि त्या बिचाऱ्यालाच म्हणाले, "तूं मदींच खंयसून आयलो?" तो म्हणाला, "मदीं खंय, हांव केन्नाचोच हांगां आसां." हे उरलेले पाव टोपलीत भरत राहिले. त्यांच्या डाव्या पायाशी दोन पाव होते, ते तिथेच राहिले. मी उचलले.

आपली गौरवी आता चालायला लागलीय. गाडीचा आवाज आला की अंगणात धावते. तिला डावं-उजवं कुठे कळतं?

मला राग येतो तो यांचा नाही. यांच्याकडून गाडी काढून घेतली तर उरतं काय, हे मला कळतं. बाजारात पहाटे सगळ्यांच्या आधी पोचणारा माणूस आहे तो. अर्ध्या वाड्याची लग्नं, चतुर्थीच्या मूर्ती, आजारी माणसं याच्याच हौद्यातून गेली. मला राग येतो तो त्या पाकळीचा. देवाने हो म्हटलं, आणि आता घरात माझ्याशिवाय कोणाला शंका नाही. येत्या सोमवारी देवाला नारळ ठेवून म्हापशाला बुकिंग करायला जायचं आहे. सांगू तर शपथ मोडते, आणि गप्प राहिले तर कोणाच्या तरी पोराचा जीव जायचा. तुमचं म्हणणं हे ऐकतात. काय करू ते लिहा.

देवकी


मये
सोमवार, २१ ऑक्टोबर २०२४

ती. आक्का,

तुमचं कार्ड शनिवारी मिळालं. एवढ्या मोठ्या पत्राला तुमची दोन ओळींची उत्तरं, ही तुमची जुनी खोड. "तुम्ही देवाला निम्मंच सांगून विचारलंत. उरलेलं सांगून या." बस. मी रागावलेच आधी. म्हटलं, ही बाई तुयेला बसून मला देवळात पाठवते. मग रात्रभर तेच डोक्यात. बाबली तरी काय करणार? सांगणारा जेवढं सांगतो तेवढंच तो देवापुढे घालतो. डोळ्याचं यांनी सांगितलंच नव्हतं. मग देवाने हो म्हटलं ते नक्की कशाला?

आज सकाळी आम्ही दोघंच गेलो, पुन्हा जयरामच्याच गाडीने. मी हट्टाने त्यांच्या शेजारी मान बाहेर काढून बसले आणि वाटेत दिसेल त्याची नावं घेत गेले. गाय, जानकीची सून, सायकल. हे म्हणाले, "हें कितें चल्लां तुजें?" मी म्हटलं, गाव बघते.

देवळात चारपाच माणसं होती. बाबलीने नारळ हातात घेतला आणि गाऱ्हाणं सुरू केलं. बा देवा महाराजा, तुज्या हुकमान हो तुजो लेक आज पिकअप घेवंक वता. मी म्हटलं, बाबली, थांब. राहिलंय ते मी सांगते. बाईमाणसाने मध्ये बोलायचं नसतं, पण तो इतका चकित झाला की नारळ घेऊन बाजूला झाला.

हात जोडले आणि डोळे मिटले. यांच्याकडे बघितलं असतं तर तोंडातून शब्द निघाला नसता. म्हटलं, बा देवा महाराजा, त्या दिवशी तुला एक गोष्ट सांगायची राहिली. तुझ्या ह्या लेकराच्या डोक्यात झटका येऊन गेला. मागची माणसं सवयीने म्हणाली, व्हय महाराजा. म्हटलं, त्याला डाव्या अंगाचं काही दिसत नाही. पुन्हा "व्हय महाराजा" सुरू झालं आणि मध्येच थांबलं. लोकांना कळलं आपण कशाला हो म्हणतोय. म्हटलं, डॉक्टरांनी गाडी चालवू नको म्हणून सांगितलंय, महाराजा.

समईची वात चुरचुरत होती. मला वाटलं आता हे उठून निघून जाणार, आणि मी जन्मभर त्यांची बोलणी खाणार. खाल्ली असती.

मग यांचाच आवाज आला. हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"व्हय महाराजा."

बाबलीने पाकळ्यांच्या तबकाकडे हात नेला. "सगूण, आतां परत विचारूं?"

हे म्हणाले, "नाका. कळ्ळें म्हाका."

बाहेर आल्यावर गाडीपाशी गेले. दारावर हात ठेवून किती तरी वेळ उभे राहिले. मी जवळ गेले नाही. मग चावी नेऊन बाबलीच्या हातात दिली, "जयरामाक सांग, गाडी येवन व्हर म्हण." आणि मला म्हणाले, चल.

चालत निघालो. तळ्याच्या कडेने रस्ता मोकळा होता. मग हे म्हणाले, "गौरेशाक सांग, तुजी व्हडली गाडी घे म्हण."

म्हटलं, तुम्हीच सांगा. का ते पण सांगा.

"सांगतां." आणखी थोडं चालल्यावर, "आनी माल?"

म्हटलं, व्यापाऱ्याला कुळागरातच यायला सांगू. चार लोक तसं करतात. त्यांना ते आवडलेलं नाही, आणि आवडणारही नाही. डोळे पुसत होते. मीही. तुम्हाला माझी एक विनंती, आक्का, पाडव्याला याल तेव्हा बरं झालं असं त्यांना म्हणू नका. त्यांचं बरं झालेलं नाही. दुसऱ्यांचं झालंय.

एक मोटारसायकल डावीकडून अंगाला घासून गेली तसे ते दचकले. भर रस्त्यात थांबले. मी नेहमीसारखी त्यांच्या मागून चालत होते. माझा दंड धरून मला पुढे ओढलं, तसं तर लग्नाच्या दिवशीही धरलं नव्हतं, आणि म्हणाले,

"तूं हे बाजून चल गो. डाव्या बाजून. म्हाका थंय कोण तरी जाय."

तुमच्या भावाच्या डाव्या बाजूने चालणारी,
देवकी